यादीबाहेरची मुलं

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करायची आणि तीस आजार हुडकायचे, असं त्याचं स्वरूप. तिसांची यादी तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरली. तिच्यात जन्मजात व्यंगं नऊ आहेत: मणक्यातला दोष, दुभंगलेला ओठ, वाकडे पाय, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयविकार वगैरे. लघवीच्या मार्गाचं त्यात एकही नाही. लघवीचं छिद्र टोकाशी न उघडता खालच्या बाजूला उघडणं हा दोष साधारण तीनशे मुलग्यांमागे एकात आढळतो. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी तिघांचं वृषण जन्मताना खाली उतरलेलं नसतं. दुर्मीळ म्हणून सोडून द्यावेत असे हे आजार नव्हेत.

प्रत्यक्ष काम करणाऱ्या पथकांनी मात्र यादीची कुंपणं फार मानली नाहीत. अंगणवाडीत मुलाची चड्डी उतरवून तपासलं की जे दिसायचं ते दिसतंच. हर्निया, हायड्रोसील, न उतरलेलं वृषण, चिकटलेली कातडी, यांच्या शस्त्रक्रिया राज्यभर याच कार्यक्रमातून होत आल्या. यादीपेक्षा गावची तपासणी शहाणी ठरली, याची दखल पुढच्या याद्या करणाऱ्यांनी घ्यायला हवी होती.

तपासणीच्या यादीसारखाच प्रश्न संशोधनाचाही आहे: मुलांच्या मूत्रविकारांत नेमकं कशावर संशोधन करायचं, हे आपल्याकडे आजवर कुणी ठरवलं? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा प्रश्न होता मूत्राशयातल्या खड्यांचा. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना निकस आहार देऊन त्यांच्या मूत्राशयात खडे होतात हे दाखवलं. पोराच्या पोटातल्या खड्याचं मूळ घरच्या ताटात होतं. पुढे १९६५ मध्ये भारतीय बालशल्यचिकित्सकांची संघटना उभी राहिली आणि लक्ष शस्त्रक्रियेकडे वळलं. खाली उघडणारं छिद्र कातडीची नळी करून एकाच टप्प्यात दुरुस्त करण्याची पद्धत आग्र्याच्या डॉ. हरि असोपा यांनी १९७१ मध्ये मांडली, ती जगभर गेली. त्या काळी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जो प्रश्न अडला, तोच संशोधनाचा विषय झाला. त्यातून पुष्कळ मुलांचं भलं झालं, हे मान्यच करायला हवं.

एकमताने ठरवण्याचा काळ नंतर आला. लघवीच्या जंतुसंसर्गावर भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांनी २००१ मध्ये एकमताचं निवेदन काढलं आणि २०११ मध्ये ते सुधारलं. मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडाकडे चढत असेल, तर मुलाला महिनोन् महिने रोज थोडं प्रतिजैविक द्यावं का, हा त्यातला कळीचा प्रश्न. अमेरिकेत ६०७ मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला: औषधाने पुन्हा होणारा संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आला, पण मूत्रपिंडावरचे व्रण काही कमी झाले नाहीत. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एम्समधली चाचणी प्रसिद्ध झाली. ९३ मुलं, आणि निकाल उलटा! औषध घेणाऱ्यांतच संसर्ग अधिक. चाचणी लहान होती, शेवटचा शब्द तिचा नाही. पण परक्या मुलांवर मिळालेलं उत्तर आपल्या मुलांना जसंच्या तसं लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही, एवढं तिने ठळकपणे दाखवलं.

संशोधनाच्या प्रश्नांच्या याद्या करण्याच्या पद्धतीही या काळात बदलल्या. डेल्फी पद्धतीत तज्ज्ञ एकमेकांना न भेटता, नाव न उघडता प्रश्नांना गुण देतात. सगळ्यांचा कौल त्यांच्याकडे परत येतो आणि ते पुन्हा गुण देतात. मोठ्या नावाच्या दबावाखाली धाकट्यांनी मान डोलावू नये, म्हणून ही तजवीज. ब्रिटनमध्ये २००४ पासून जेम्स लिंड अलायन्स या उपक्रमाने संशोधनाचे प्रश्न ठरवायला रुग्ण, पालक आणि डॉक्टर यांना एकाच टेबलाशी बसवलं. आपल्याकडे आयसीएमआर आणि इन्क्लेन या संशोधन संस्थांनी माता-बाल आरोग्य व पोषणावरच्या संशोधनासाठी २०१६ ते २०२५ या काळाचा प्राधान्यक्रम आखला. २५६ संस्थांमधल्या तज्ज्ञांकडून चार हजारांहून अधिक कल्पना आल्या. काम प्रचंड आणि प्रामाणिक. पण कल्पना मागवल्या त्या संस्थांमधल्या तज्ज्ञांकडून.

विदर्भाने याहून निराळा रस्ता पूर्वीच दाखवला आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापून आला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही समजूत त्या एका अभ्यासाने मोडीत काढली.

मुलांच्या मूत्रविकारांवर विदर्भातल्याच महागाव, पुसद, उमरखेडच्या पट्ट्यात असा अभ्यास झाला, तर प्रश्न वेगळेच निघतील असं मला वाटतं. नवजात मुलाच्या लघवीला धार नाही, थेंब थेंब गळते. ‘मोठा झाला का होते बरोबर’ म्हणण्यात किती महिने जातात? मूत्रमार्गात जन्मतः पडदा असेल, तर तेवढ्यात मूत्रपिंडं खराब होऊ शकतात. गरोदरपणीच्या सोनोग्राफीत बाळाच्या मूत्रपिंडाला सूज दिसली, हे आईला कुणी समजावून सांगतं का, आणि तो कागद बाळंतपणानंतर कुणाच्या हाती लागतो? दिवाळीनंतर तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात. लघवीसाठी नळी घातलेल्या मुलाची फेरतपासणी मग कुठल्या जिल्ह्यात व्हायची? शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून निघतो, पण नागपूरला राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा? नव्या टाक्यांच्या पद्धतीइतकंच हेही संशोधन आहे.

२०२५ साल सरलं. नवा प्राधान्यक्रम आखताना आयोजकांनी तपासणी पथकातला डॉक्टर, आशाताई, आणि मूत्रविकार असलेलं मूल वाढवलेले आईबाप यांनाही गुण देण्याचा अधिकार द्यावा, तोही शहरातल्या तज्ज्ञांच्या बरोबरीने.