अंजूची उडी आणि आपल्या मुली

लांब उडीत सारा खेळ एका पट्टीचा असतो. तिची रुंदी अवघी 20 सेंटिमीटर. भरधाव येऊन पाय तिच्यावर पडला पाहिजे. जरा पुढे गेला की उडी बाद. तिहेरी उडी त्याहून अवघड. ज्या पायाने झेप घेतली त्याच पायावर उतरायचे, मग दुसऱ्या पायावर आणि तिसऱ्या झेपेत वाळूत. या दोन्ही प्रकारांत राष्ट्रीय विक्रम करणारी खेळाडू म्हणजे केरळची अंजू बॉबी जॉर्ज.

अंजूचा जन्म 1977 सालचा, चंगनाचेरीजवळच्या चीरंचिरा गावातला. वडिलांचा फर्निचरचा व्यवसाय. मुलीला मैदानावर नेले ते त्यांनीच. सुरुवातीला ती सात प्रकारांची हेप्टॅथलॉन खेळे. पुढे उड्यांवरच लक्ष दिले. 1999 मध्ये तिने तिहेरी उडीत राष्ट्रीय विक्रम केला. लग्नानंतर मुलीचा खेळ सुटतो, असा आपल्याकडचा रिवाज. इथे उलटे झाले. पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज स्वतः तिहेरी उडीचे राष्ट्रीय विजेते. त्यांनी आपला खेळ मागे ठेवला आणि पत्नीचे प्रशिक्षक झाले.

2002 मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि बुसानच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळाले. 2003 मध्ये पॅरिसला 6.70 मीटर उडी मारून तिने कांस्यपदक जिंकले. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती 6.83 मीटर उडाली. पदक हुकले, पण वीस वर्षांनंतरही तो राष्ट्रीय विक्रम कायम होता. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मात्र तिन्ही उड्या बाद ठरल्या. मोठ्या खेळाडूलाही ती पट्टी सवलत देत नाही.

2020 मध्ये अंजूने जाहीरपणे सांगितले, की तिला जन्मापासून एकच किडनी आहे आणि वेदनाशामक गोळ्यांची ॲलर्जीही आहे. एवढे सोसून ही मेहनत!

तिची खरी कमाई मात्र पदकांच्या पुढची आहे. बंगळुरूच्या तिच्या प्रशिक्षण केंद्रात झाशीची शैली सिंग तयार झाली. शैलीची आई शिवणकाम करून घर चालवणारी. 2021 मध्ये नैरोबीला वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत शैलीने 6.59 मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण हुकले ते एका सेंटिमीटरने. मुलींना खेळात पुढे आणण्याच्या कामाबद्दल त्याच वर्षी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने अंजूला 'वूमन ऑफ द इयर' हा सन्मान दिला.

शाळेत मी दरवर्षी पाहते, सातवीपर्यंत धावणाऱ्या मुली आठवीत खेळाच्या तासाला मैदानाच्या कडेला बसू लागतात. पायांतली ताकद तीच असते. घरून "आता पुरे" असे सांगितलेले असते. पोशाखाचा प्रश्न असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट, ट्रॅकपँट आणि नीट बांधलेला स्कार्फ घालून शाळेच्या मैदानावर सराव होतो. वेळेचा प्रश्न असेल तर एखादे दिवशी घरकाम भावालाही सांगता येते.

अंजूला आधी वडिलांनी, मग पतीने साथ दिली. शैलीच्या पाठीशी एकटी आई होती. प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही. पण ती किती लांब उडू शकते, हे तिला स्वतःला कळले पाहिजे. अब्बा-अम्मींनी एवढी मोकळीक तिला जरूर द्यावी.