शॉर्टवेव्ह ऐकायचीय? गच्चीवर कोणता अँटेना लावाल?

माळेगाव बुद्रुकसारख्या गावात शॉर्टवेव्ह ऐकताना जागेपेक्षा खरखरीचा त्रास जास्त. 31 मीटर बँडसाठी पूर्ण डायपोलला सुमारे 15 मीटर तार लागते. गच्चीवर ती मावत नसेल तर ॲक्टिव्ह व्हिप किंवा लूप. व्हिप लहान, बसवायला सोपा. पण एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाटही तोच आधी पकडतो. त्यामुळे तो घरापासून दूर, उंच खांबावर हवा आणि अर्थिंग नीट हवे. मीटरभर व्यासाचा लूप फिरवला, की एका दिशेने येणारा गोंगाट बराच दबतो. दाट वस्तीत लूपच घ्यावा. मळ्यातल्या घराला मात्र 10 मीटर साधी तारही पुरते. फक्त सौरपंपाच्या कंट्रोलरपासून लांब ताणा. वळवाचे ढग दिसण्याआधीच अँटेनाची केबल रेडिओपासून काढून घराबाहेर ठेवा.