सुवासिक गुलाबाची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गुलाबाचे हजारो वाण आज लागवडीत आहेत. त्यांत घमघमणारे थोडे, मंद वासाचे पुष्कळ आणि जवळजवळ बिनवासाचेही बरेच. गुलाबाचा वास म्हणजे पाकळीच्या वरच्या त्वचेतील पेशींत तयार होऊन हवेत उडून जाणाऱ्या अनेक रसायनांचे मिश्रण. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, नेरॉल आणि फिनाइल इथेनॉल ही त्यांतली मुख्य. बीटा डॅमासेनोनसारखे रसायन अगदी नगण्य प्रमाणात असते, तरी नाकाला ते ठळक जाणवते. यांतले कोणते रसायन किती बनायचे, हे वाणाची जनुके ठरवतात. ऊन, पाणी, हवामान आणि निगा यांवर तो वास पुरता खुलतो की अर्धामुर्धा, एवढेच अवलंबून असते. त्यामुळे घरच्या बागेत सुगंध हवा असेल, तर रोप घेण्याआधी वाण ठरवावा लागतो. या बाबतीत रूढ असलेल्या काही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

गैरसमज १ : गडद लाल गुलाबाला वास सर्वांत जास्त, पिवळ्या-पांढऱ्याला तो नसतोच.

वस्तुस्थिती : रंग आणि वास यांची रसायने वेगळी आहेत. लाल-गुलाबी रंग अँथोसायनिनांमुळे येतो, पिवळा प्रामुख्याने कॅरोटिनॉइडांमुळे. रंगावरून वासाच्या जातीचा थोडासा अंदाज बांधता येतो. लाल आणि गुलाबी फुलांत अत्तराच्या गुलाबासारखा वास अधिक आढळतो. पिवळ्या-केशरी फुलांत चहाच्या पत्तीची किंवा फळांची छटा असते. पण वास किती, हे रंग सांगत नाही.

याचा चांगला पुरावा एकाच फ्रेंच घराण्याच्या दोन लाल गुलाबांत मिळतो. 'पापा मेयाँ' (१९६३) हा गडद मखमली लाल आणि तीव्र सुगंधाचा. 'रूज मेयाँ' लालच, पण जवळजवळ निर्गंध. फ्रान्समधील संशोधकांनी या दोघांच्या पाकळ्यांतील जनुकांची तुलना केली आणि २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. जिरॅनिऑल तयार करण्याच्या कामी येणारे एक विकर 'पापा मेयाँ'मध्ये जोरात काम करत होते, 'रूज मेयाँ'मध्ये ते जवळपास नव्हतेच.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. अमेरिकन रोझ सोसायटी सुगंधासाठी गँबल पदक देते. १९६१ मध्ये ते पहिल्यांदा 'क्रिम्सन ग्लोरी' या लाल गुलाबाला मिळाले. पण पुढे 'सटर्स गोल्ड' (पिवळा), 'फ्रॅग्रंट क्लाउड' (पोवळ्याच्या रंगाचा) आणि 'डबल डिलाइट' (सायीच्या रंगाचा, लाल कडांचा) यांनाही मिळाले. जांभळट 'ब्लू मून'ही वासासाठीच नावाजलेला आहे.

गैरसमज २ : आधुनिक गुलाबांचा वास हरवला आहे.

वस्तुस्थिती : ही तक्रार फुलवाल्याकडच्या गुलाबाला लागू पडते, बागेतल्या गुलाबाला सरसकट नाही. ज्या वाणापासून आधुनिक 'हायब्रीड टी' गुलाबांचा इतिहास मोजतात, तो १८६७ चा 'ला फ्रान्स' चांगला सुवासिक होता. वास मागे पडला तो प्रामुख्याने कटफ्लॉवरच्या धंद्यात. तळेगाव दाभाडे परिसरातील पॉलिहाउसांत पिकणाऱ्या 'ताजमहाल' किंवा 'टॉप सिक्रेट'सारख्या फुलांकडून लांब सरळ दांडा, घट्ट कळी, प्रवासात न चुरगळणारी पाकळी आणि फुलदाणीत जास्त दिवस टिकणे यांची अपेक्षा असते. पिढ्यान्‌पिढ्या याच गुणांसाठी निवड होत गेली आणि वासाकडे कोणी फारसे पाहिले नाही.

प्रदर्शनांनीही याला हातभार लावला. अमेरिकन रोझ सोसायटीच्या गुणदान पद्धतीत १०० पैकी २५ गुण आकाराला, २० रंगाला, २० दांडा व पानांना, १५ पाकळीच्या दमदारपणाला आणि प्रत्येकी १० प्रमाणबद्धतेला व मापाला आहेत. या शंभरांत वासाला एकही गुण नाही. म्हणून 'प्रदर्शनात पहिला आलेला' हे सुगंधाचे प्रमाणपत्र ठरत नाही.

बागेसाठीच्या वाणांत मात्र सुगंधाची परंपरा टिकून आहे. 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'चार्ल्स मालेराँ' या दोन लाल गुलाबांच्या संकरातून 'पापा मेयाँ', 'मिस्टर लिंकन' आणि 'ओक्लाहोमा' हे तीन गाजलेले सुवासिक वाण निघाले. भारतात गव्हाच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाचेही जाणकार पैदासकार होते. त्यांचा 'रोझ शर्बत' आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे 'सुरभी' व 'नूरजहाँ' हे वाण सुगंधासाठी ओळखले जातात.

गैरसमज ३ : 'देशी', 'काश्मिरी', 'डच', 'इंग्लिश' म्हटले की वासाची कल्पना येते.

वस्तुस्थिती : ही विक्रेत्यांची सोयीची नावे आहेत, वाणांची नव्हेत. 'देशी' किंवा 'गावठी' म्हणून मिळणारा, सुट्या पाकळ्यांचा, हारात वापरला जाणारा गुलाबी गुलाब पुष्कळदा 'एडवर्ड' या नावाने ओळखला जाणारा बूरबाँ वर्गातला असतो. या वर्गाचे मूळ हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर आहे. ते बेट तेव्हा बूरबाँ म्हणून ओळखले जाई. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब यांच्या संकरातून तो जन्मला. दमास्ककडून वास आणि चिनीकडून वरचेवर फुलण्याची सवय, असे दोन्ही गुण त्याने घेतले. उष्ण हवेत तग धरत असल्यामुळे नवख्या बागकामवाल्यासाठी तो उत्तम आहे.

'काश्मिरी' म्हणून विकले जाणारे झुपकेदार, लहान फुलांचे गुलाब काश्मीरचे असतीलच असे नाही, आणि त्यांचा वास बहुधा मंद असतो. 'डच' म्हणजे सहसा पॉलिहाउसचे वाण. 'इंग्लिश' गुलाब हे डेव्हिड ऑस्टिन यांनी जुन्या आणि आधुनिक गुलाबांच्या संकरातून घडवले. त्यांतला १९८६ चा 'गर्ट्रूड जेकिल' वासासाठी प्रसिद्ध आहे, पण त्या गटातले सगळेच घमघमतात असे नाही. शिवाय कडक उन्हात त्यांची फुले लहान होतात आणि लवकर गळतात. म्हणून रोपाला नावाची चिठ्ठी असावी, आणि चिठ्ठीवर वाणाचे नाव असावे.

गैरसमज ४ : अत्तराचा गुलाब लावला की घरच्या घरी सर्वोत्तम सुगंध मिळतो.

वस्तुस्थिती : अत्तर, गुलाबपाणी आणि गुलकंद यांसाठी कनौज, हसायन, पुष्कर, हळदीघाटी या भागांत पिकणारा दमास्क गुलाब वासात अव्वल आहे, यात शंका नाही. पण तो मुख्यतः वर्षातून एकदाच, मार्च-एप्रिलच्या सुमारास फुलतो. 'चैती गुलाब' हे नाव त्यावरूनच पडले. बहार नीट येण्यासाठी त्याला हिवाळ्यातली थंडी लागते. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट आणि उबदार हवेत झुडूप पानांनी भरते, फुले मात्र मोजकीच येतात. एक किलो तेलासाठी साधारण तीन ते चार टन फुले लागतात, तेव्हा दोन-चार झुडपांवर अत्तर काढण्याचा बेत आखण्यात अर्थ नाही. घरगुती गुलकंदासाठी गावठी बूरबाँ गुलाब पुरेसा आहे. मात्र फवारणी केलेली फुले त्यासाठी वापरू नयेत. दुकानातल्या कटफ्लॉवरच्या पाकळ्या तर नकोतच.

गैरसमज ५ : रोपवाटिकेत हुंगल्यावर वास आला नाही, म्हणजे तो वाण बिनवासाचा.

वस्तुस्थिती : एकाच झुडपाच्या फुलाचा वास दिवसभरात बदलतो. कळी घट्ट असताना तो कमी असतो, फूल अर्धे उमलले की भरात येतो आणि पाकळ्या पूर्ण पसरल्यावर ओसरतो. फार गारठ्यात सुगंधी द्रव्ये नीट उडत नाहीत. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्यात ती उडून गेलेली असतात. अत्तराची फुले पहाटेपासून ऊन चढण्याआधी खुडतात ती यासाठीच. वाण पारखायचा असेल तर कोवळ्या उन्हात, वारा नसताना, अर्धे उमललेले फूल घ्यावे. गारठा असल्यास पाकळ्यांवर हलका उबदार श्वास सोडून मग हुंगावे.

नाकानाकांतही फरक असतो. काही गुलाबांच्या वासातली जांभळ्या व्हायोलेट फुलांसारखी छटा बीटा आयोनोनमुळे येते. एका गंधग्राही जनुकातील फरकामुळे काहींना हे रसायन अगदी थोडे असले तरी जाणवते, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे रोप घेताना घरातल्या दोघा-तिघांनी हुंगून पाहिलेले बरे.

गैरसमज ६ : चहाचा चोथा, गुलाबपाणी किंवा खास खत घातले की वास वाढतो.

वस्तुस्थिती : जनुकात नसलेला वास कोणत्याही खतातून येत नाही. गुलाबपाणी मुळांना घालून पाकळीत उतरत नाही. चहाचा चोथा हे सेंद्रिय खत म्हणून चालते, पण दूध-साखर धुऊन काढलेली नसेल तर मुंग्या आणि बुरशी तेवढी वाढते. निगेने होते ते एवढेच, की वाणात असलेला वास पुरता खुलतो. त्यासाठी रोज किमान सहा तास ऊन, निचरा होणारी माती, नियमित पाणी आणि समतोल खत लागते. नत्र जास्त झाले तर पाने रसरशीत होतात, मावा वाढतो, फुले मात्र कमी येतात.

महाराष्ट्रात पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये मुख्य छाटणी करतात; तिथून साधारण ४० ते ५० दिवसांत बहार येतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतच्या फुलांत आकार, रंग आणि वास तिन्ही सर्वांत चांगले असतात. मे महिन्यातल्या फुलावरून वाणाला नावे ठेवणे योग्य नाही.

गैरसमज ७ : कलमी गुलाबाचा वास कमी असतो, आणि काही वर्षांनी तो 'जंगली' होतो.

वस्तुस्थिती : डोळा भरून केलेल्या कलमात मुळे खुंटाची आणि फांद्या-फुले निवडलेल्या वाणाची असतात. खुंटामुळे जोम आणि मातीशी जुळवून घेण्याची ताकद मिळते. वासाचा गुण वाणाचाच राहतो. 'जंगली झालेल्या' रोपात प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. डोळा भरलेल्या जागी खोडावर एक गाठ किंवा बाक दिसतो. त्याच्या खालून खुंटाची फूट निघते आणि ती भराभर वाढून वरच्या वाणाची उपासमार करते. वरचा भाग हळूहळू वाळतो, आणि उरते ते खुंटाचे झुडूप. पाच पर्णिका म्हणजे कलम आणि सात म्हणजे खुंट, ही खूण भरवशाची नाही, कारण काही चांगल्या वाणांनाही सात पर्णिका येतात. खरी खूण फूट कुठून निघाली ही. माती थोडी बाजूला करून गाठीखालची फूट मुळाशी ओढून काढावी. वरच्यावर कापली तर ती पुन्हा फुटते.

गैरसमज ८ : काटे किंवा पाकळ्या जितक्या जास्त, तितका वास जास्त.

वस्तुस्थिती : १८६८ चा 'झेफिरिन द्रुआँ' हा बूरबाँ गुलाब जवळजवळ बिनकाट्याचा आहे आणि भरपूर सुवासिक आहे. हिमालयातला रानटी 'रोझा ब्रुनोनी' पाचच पाकळ्यांचा असून सुगंधी आहे. पाकळ्या जास्त असल्या की वास सोडणारा पृष्ठभाग वाढतो हे खरे, पण पाकळीत सुगंधी द्रव्य बनतच नसेल तर त्या भरगच्चपणाचा वासाला काही उपयोग नाही.

गैरसमज ९ : सुवासिक गुलाब रोगट असतात.

वस्तुस्थिती : वासामुळे रोग येत नाही. 'पापा मेयाँ'सारखे काही जुने गडद लाल वाण भुरीला लवकर बळी पडतात, त्यावरून हा समज पसरला असावा. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला पान सलग सातएक तास ओले राहावे लागते. त्यामुळे कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हा त्रास सगळ्याच गुलाबांना जास्त होतो. तिथे दाटीवाटीने झाडे न लावणे, पाणी सकाळी आणि बुंध्याशी घालणे आणि गळलेली पाने उचलून टाकणे यांनी बराच फरक पडतो.

गैरसमज १० : एक सुवासिक गुलाब लावला की सगळे अंगण दरवळते.

वस्तुस्थिती : रातराणी किंवा मोगरा ज्या प्रकारे लांबवर दरवळतो, तसे बहुतेक गुलाबांचे होत नाही. बऱ्याच वाणांचा सुगंध फुलाजवळ गेल्यावरच नीट कळतो. म्हणून रोप कुठे ठेवले यालाही निवडीइतकेच महत्त्व आहे. वाऱ्याचा थेट झोत नसलेली, सकाळचे ऊन मिळणारी, येण्याजाण्याच्या वाटेलगतची किंवा खिडकीजवळची जागा चांगली. बाल्कनीत बारा ते चौदा इंची कुंडी कठड्याच्या उंचीला आणावी, म्हणजे फूल नाकाजवळ येते. जागा असल्यास वेगवेगळे दहा वाण लावण्यापेक्षा एकाच सुवासिक वाणाची तीन-चार रोपे जवळजवळ लावावीत. उष्ण-दमट भागात सुरुवात गावठी बूरबाँपासून करावी. पुणे-नाशिकसारख्या कोरड्या, थंड हिवाळ्याच्या भागात 'मिस्टर लिंकन', 'डबल डिलाइट' किंवा 'फ्रॅग्रंट क्लाउड' यांची भर घालावी.