चाकावरचं बिऱ्हाड

मोटारीमागे जोडलेलं चिमुकलं घर, त्यात शेगडी, झोपायला फळ्या आणि मोकळ्या माळावर रात्रीचा मुक्काम! परदेशातली अशी चित्रं पाहिली की ‘हौस बाई एकेकाची!’ असं आपण म्हणतो. आपल्या राज्य सरकारनेही 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आम्हा काळेवाडीकरांना चाकावरचं बिऱ्हाड पाहायला लांब जावं लागत नाही. तुकोबांची पालखी देहू सोडून निघाली की शेजारच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, आणि तिच्याबरोबर येते दिंड्यांच्या ट्रकांची रांग. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली हा पालखी सोहळा सुरू केला. तेव्हा ट्रक नव्हते, पण वाटेवरचे मुक्काम तेव्हाही आलेच.

आमच्या सासूबाई अकरा वर्षं एका छोट्या दिंडीतून जातात. पुण्याचे दोन मुक्काम आणि लोणी काळभोर मागे टाकून पालखी यवतला येते, तिथे गेल्या आषाढवारीत शाळेतून रजा काढून मी एक रात्र त्यांच्या राहुटीत राहिले.

आधी ट्रकचंच सांगते, कारण सगळा संसार त्यात असतो. दिंडीतली माणसं एकशेवीस. तळाला धान्याची पोती, तेलाचे डबे. त्यावर पातेली, पराती, शेगड्या. मग प्रत्येकाची वळकटी आणि पिशवी, तिच्यावर रंगाने घातलेला आकडा. राहुट्यांचे बांबू, खुंट्या आणि ताडपत्र्या सर्वांत शेवटी चढवायच्या, कारण मुक्कामावर सर्वांत आधी त्याच लागतात. माणसं पायी पोचायच्या आत ट्रक पुढे येऊन राहुट्या उभ्या! माझं स्वयंपाकघरातलं कपाट मला तिथे आठवलं, आणि रोजचा चहाचा डबा आपण सर्वांत मागे का ठेवतो, असा प्रश्न पडला.

रात्री यवतकरांची पिठलं-भाकरी जेवलो. गावाचा तो वर्षानुवर्षांचा पाहुणचार आहे. मग कीर्तन, आणि एका राहुटीत आम्ही चौदाजणी. पावसाची सर आली तशी दोघी-तिघी उठल्या आणि कुदळीने राहुटीभोवतीचा चर खोल करून पुन्हा येऊन झोपल्या. तीन आठवडे सून नाही, दूध नाही, गिरणी नाही! एक आजी हसत म्हणाल्या, “आमची ही दिवाळीची सुट्टी हाय बाई.”

पण पहाटे तीनला टँकरपाशी गेले, तेव्हा या सुट्टीची दुसरी बाजू दिसली. पुरुष उघड्यावर भराभर तांब्ये ओतून मोकळे होत होते. बायका साडीचा आडोसा धरून, एकमेकींना राखत, अंधार आहे तोवर आटपत होत्या. दुपारनंतर कित्येकजणी पाणीच कमी पितात, आडोसा शोधायची पाळी नको म्हणून. भर उन्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईने पाणी न पिणं म्हणजे चक्कर आणि लघवीची जळजळ यांना आमंत्रणच.

वाटेवर हल्ली फिरती शौचालयं ठेवतात. 2022 साली राज्य महिला आयोगाने वारकरी बायकांसाठी ‘आरोग्यवारी’ सुरू केली, तीत सॅनिटरी नॅपकिनची आणि तान्ह्या मुलांना पाजायला हिरकणी कक्षाची सोय होते. चांगलंच आहे. पण आपली राहुटी पडते तिथून ही सोय लांब असेल, तर रात्री काय करायचं?

सासूबाईंच्या दिंडीतल्या बायकांनी हा विषय भिशीच्या हिशेबाच्या वेळी काढला. प्रमुख म्हणाले, “आजवर चाललंच की, माउली.” त्यावर एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “आम्ही चालवलं, म्हणून चाललं.” पुढचं बोलणं अर्ध्या तासात संपलं. आता चार बांबू, जाड कापड आणि दोन बादल्या असं बंद न्हाणीघर ट्रकमध्ये असतं. ते चढतं सर्वांत शेवटी, म्हणजे उतरतं सर्वांत आधी!

तुमच्या सासूबाई, आई किंवा तुम्ही स्वतः दिंडीत जाणार असाल, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: बायकांची राहुटी वेगळी आहे का, न्हाणीला आडोसा आहे का, आणि रात्री शौचाला जायची सोय काय. यात संकोच करण्यासारखं काही नाही. सामानात विजेरी, प्लॅस्टिकचा मोठा कागद, पटकन वाळणाऱ्या दोन सुती साड्या, मीठ-साखरेची पुडी, रोजची औषधं आणि पायांना चोळायला खोबरेल असू द्या. पिशवीवर नाव आणि आकडा ठळक घाला. आणि पाणी मात्र पोटभर प्या.