आधी रस्ता बघा, मग रेडीमिक्स मागवा

घर बांधणारा माणूस रेडीमिक्सचा भाव विचारायला आला, की मी त्याला उलट विचारतो, "तुमच्या बोळात भरलेला ट्रक वळेल का?" तो जरा चिडतो. पण 6 घनमीटर काँक्रीट म्हणजे साडेचौदा टन माल. वर गाडीचं स्वतःचं वजन. जुळे सोलापूर घ्या, होटगी रोडचं नवं प्लॉटिंग घ्या, खाली काळी माती. मे महिन्यात ती भेगाळून कडक होते आणि रात्री एक सर पडली की लोणी! अशाच एका बंगल्यासमोर ड्रेनेजचा चर नुकता बुजवलेला होता. गाडी मागे घेताना चाक त्यात रुतलं. जेसीबी येईपर्यंत स्लॅबवरची माणसं हातावर हात ठेवून बसली आणि ड्रममधला माल घट्ट होत गेला. त्यामुळे आदल्या आठवड्यातच मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घ्या. विजेच्या तारा बघा. बूम पंप लावायचा तर त्याचे पाय पसरायला जागा हवी. अरुंद बोळात पाइपलाइनचा पंपच बरा. त्या पाइपातून आधी सिमेंटचं पाणी सोडतात, ते स्लॅबमध्ये न घेता बाजूला काढायचं.

किती माल लागेल, हे सेंटरिंगवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. 1000 चौरस फुटांचा 5 इंची स्लॅब म्हणजे 417 घनफूट, आपल्या भाषेत जवळपास सव्वाचार ब्रास, म्हणजे 11.8 घनमीटर. बीमचा माल वेगळा. शेवटी अर्धा घनमीटर कमी पडला, तर तेवढ्यासाठी गाडी तासाभराने येते आणि स्लॅबला सांधा पडतो.

रेडीमिक्समध्ये सेंटरिंगची काळजी नेहमीपेक्षा जास्त. पाट्यांनी स्लॅब भरताना माल हळूहळू वर जातो. पंप मात्र बघता बघता एकाच जागी ढीग घालतो आणि टेकूंखालची माती दबते. प्रत्येक टेकूखाली फळी हवीच. सळईखाली कव्हर ब्लॉक, विजेचे पाइप, डबे हे सगळं आदल्या संध्याकाळी तपासून घ्यायचं. दोन व्हायब्रेटर ठेवा. एक ऐन वेळी बंद पडतोच.

आता वेळ. आयएस 4926 नुसार माल भरल्यापासून 2 तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. गोठणं लांबवणारं रसायन घातलं असेल तर जास्त मुभा मिळू शकते. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात 40 च्या वर असतो, आणि ओतताना काँक्रीटचं तापमान मात्र 40 च्या आत हवं. म्हणून मी पहिली गाडी पहाटे पाचला बोलावतो. शहरात जड वाहनांना कोणत्या वेळी बंदी आहे, हे वाहतूक पोलिसांकडून आधीच विचारून घ्या. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर विशेष.

माल घट्ट वाटला की टोळीतला कुणीतरी ओरडतोच, "सोडा की जरा पाणी!" सोडू द्यायचं नाही. पाण्याने माल सरकतो, पण ताकद जाते. पातळ माल हवा असेल तर तसं ऑर्डर देतानाच सांगा. प्लांटवाले रसायनाने तो पातळ करून देतात. गाडीतून 150 मिलिमीटरचे क्यूब मात्र भरून घ्या. 28 दिवसांनी ते दाबून बघितले की माल कसा होता ते कळतं.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि कोरड्या उन्हात स्लॅब किमान 10 दिवस ओला राहायला हवा. फ्लाय अॅश असेल तर 14. टँकर ठरला नसेल तर स्लॅबची तारीख ठरवू नका.

आणि चालानवर सही करण्याआधी दोन गोष्टी वाचा : ग्रेड आणि माल भरल्याची वेळ. वेळ उलटून गेली असेल तर गाडी परत पाठवायचा तुम्हाला हक्क आहे. तो वापरा.