उरलेल्या लोकरीचा हिशेब

विणकाम करणाऱ्या घरात कपाटाच्या तळाशी एक पिशवी हमखास सापडते. थोरल्या मुलाच्या स्वेटरमधून उरलेला मोरपंखी गुंडा, बाळाच्या टोपड्यातला गुलाबी, कोणाच्या तरी शालीच्या काठाचा तपकिरी. बँकेच्या भाषेत ही निष्क्रिय खाती! एकाही गुंड्यात पूर्ण वस्त्र होण्याइतकी शिल्लक नसते आणि लोकर टाकून देण्यास मन धजत नाही. एकरंगी स्वेटर विणताना सारी लोकर एकाच रंगाईची हवी, नाहीतर छटेतला फरक पाठीवर पट्ट्यासारखा दिसतो. म्हणून गृहिणी नेहमी एक-दोन गुंडे जास्तच आणते आणि पिशवी दरवर्षी फुगत जाते.

या पिशवीकडे दुर्बळ शिल्लक म्हणून न पाहता भांडवल म्हणून कसे पाहावे, हे हाताने विणणाऱ्या असंख्य स्त्री-पुरुषांना केफ फॅसेट या चित्रकाराने दाखवून दिले. १९३७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेले फॅसेट १९६४ साली लंडनला आले, ते चित्रे रंगविण्यासाठी. पुढे काही वर्षांनी बिल गिब या तरुण वेशभूषाकारासोबत ते स्कॉटलंडमध्ये गेले असता तेथील एका लोकरगिरणीत त्यांना त्याच प्रदेशातील डोंगर, शेवाळ आणि दगड यांचे रंग लडींमध्ये उतरलेले दिसले. त्यांनी वीस रंगांची लोकर आणि सुया विकत घेतल्या. विणता मात्र येत नव्हते! लंडनला परतताना आगगाडीत एका सहप्रवासी स्त्रीने त्यांना विणायला शिकविले. त्यानंतर त्यांनी केलेल्या पहिल्याच नमुन्याला ‘व्होग निटिंग’ या नियतकालिकात संपूर्ण पानभर जागा मिळाली.

या हकिगतीतील नवलाचा भाग वगळला तरी एक गोष्ट उरते. विणकाम उशिरा शिकल्यामुळे फॅसेट अवघड टाक्यांच्या नादी लागले नाहीत. त्यांच्या बहुतेक जाकिटांत वेण्या नाहीत, जाळी नाही, गाठींची नक्षी नाही. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट, एवढेच. कटही साधा असतो. पाठ सरळ, खांदा उतरता, बाही सैल. जे काही घडते ते रंगांत घडते. आपल्याकडे चांगली विणणारी कोण, तर जिला अवघड नमुना येतो ती, असे मानण्याची रीत आहे. त्या मापाने हे जाकीट पहिल्या इयत्तेचेच म्हणावे लागेल. प्रत्यक्षात एका जाकिटात वीस-वीस रंग नांदतात आणि त्यांपैकी एकही दुसऱ्यावर कुरघोडी करीत नाही. ही किमया कशी साधते, ते समजून घेण्याजोगे आहे.

त्यांच्या आवडत्या आकृतींपैकी एक म्हणजे घनाकृती ठोकळे. ही आकृती पाश्चात्त्य गोधड्यांतून आली आहे. परंतु आपल्या वाचकांना तिची ओळख वेगळ्या जागी झालेली असेल. अनेक जुन्या मंदिरांच्या संगमरवरी फरशीवर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या दगडांच्या चौकटी अशा बसविलेल्या असतात की सपाट जमीन पायऱ्यापायऱ्यांची भासते. स्तवन चालू असताना त्या ठोकळ्यांवर बोट फिरविणारी मुले आजही दिसतात. हा भास तीन रंगांमुळे निर्माण होतो असे वाटते. वस्तुतः तो तीन उजेडांमुळे होतो. ठोकळ्याची वरची बाजू फिकी, एक कूस मध्यम आणि दुसरी गडद असली पाहिजे. एवढा क्रम सांभाळला की मग फिकी बाजू कधी पिस्ता, कधी मोतिया, कधी अबोली असली तरी चालते. गडद बाजूला वांगी रंग संपला तर गर्द निळा घ्यावा. ठोकळा मोडत नाही, उलट अधिक जिवंत होतो.

पिशवीतील गुंडे येथे उपयोगी पडतात. सर्व गुंडे जमिनीवर मांडून डोळे किलकिले करून पाहावे, म्हणजे रंग मागे पडतो आणि फक्त उजळ-गडदपणा उरतो. हल्ली भ्रमणध्वनीवर कृष्णधवल छायाचित्र काढले तरी तेच कळते. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी त्या छायाचित्रात ते एकसारखे राखाडी दिसू शकतात, आणि तसे दिसले तर शेजारीशेजारी विणल्यावर आकृती विरघळून जाईल असे समजावे. लोकर बारीक असेल तर दोन निराळ्या छटांचे धागे एकत्र धरून विणता येतात. दोन ओळींनंतर त्यांपैकी एक धागा बदलला की छटा सावकाश सरकते. एका रंगाईची अट अर्थातच संपते. मध्येच लोकर संपली तर दुकानात धाव घेण्याचे कारण राहत नाही.

एवढे रंग हाताळण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. एका ओळीत दोनच रंग असतील तर न लागणारा धागा मागच्या बाजूने नेता येतो. तो ताणला तर वस्त्र आखडते, आणि फार सैल सोडला तर बाहीत हात घालताना बांगडी त्यात अडकते. रंगांचे मोठे डाग असतील तर प्रत्येक डागाला स्वतंत्र धागा द्यावा लागतो, आणि रंग बदलताना दोन धाग्यांना एकमेकांभोवती पीळ घालावा लागतो. तो विसरला की तेथे भोक पडते. हे सर्व धागे गुंड्यांसकट लोंबू दिले तर अर्ध्या तासात जाळे होते. त्यावर फॅसेट यांची युक्ती अगदी घरगुती आहे. हातभर लांबीचे तुकडे तोडावेत आणि सुटे लोंबू द्यावेत. गुंता झाला तरी हवा तो धागा ओढून बाहेर काढता येतो. टोके मात्र विणता विणताच आत गुंतवत गेले पाहिजे. ‘शेवटी एकदम करू’ म्हणणाऱ्या व्यक्तीचे जाकीट आतून झालरीसारखे दिसते आणि बहुधा तसेच कपाटात जाऊन बसते.

गणिताला पर्याय नाही. दहा सेंटिमीटरचा तुकडा आधी विणून टाके मोजावेत. त्यात आडवे २२ टाके बसत असतील तर ११० सेंटिमीटर घेराच्या जाकिटाला २४२ टाके लागतात. हात थोडा सैल असून २० टाकेच बसत असतील, तर त्याच २४२ टाक्यांचा घेर १२१ सेंटिमीटर होतो. तुकडा विणण्याचा कंटाळा अकरा सेंटिमीटरला पडतो! आणखी एक खोच आहे. टाका उंचीपेक्षा रुंद असतो. २२ टाके आडवे तर ओळी सुमारे ३० भरतात. साध्या आलेखकागदावर २२ घरांचे गोल फूल काढले तर विणल्यावर ते दहा सेंटिमीटर रुंद आणि जेमतेम साडेसात सेंटिमीटर उंच, म्हणजे चपटे येते. त्यामुळे कागदावर फूल उभट काढावे लागते.

अशा सैल, सरळ जाकिटाचा मोठा गुण म्हणजे ते अनेकांच्या अंगी लागते. साडीवर, पंजाबी पोशाखावर, झब्ब्यावर ते सारखेच शोभते आणि आईचे मुलाला होते. बाहीचे टाके खांद्याकडून उचलून मनगटाकडे विणत नेले तर पुढे बाही सहज उसवून लांबविता येते किंवा विरलेला काठ नव्याने घालता येतो. बाही वगळली की बंडी. आपल्या अनेक घरांत रेशीम वर्ज्य असते आणि लोकरीविषयीही काहींच्या मनात किंतु असतो. त्यांना सुती धागा आहेच, आणि फॅसेट यांनीही सूत वापरले आहे. मात्र सुताला लोकरीसारखी लवचीकता नसते. वजनाने वस्त्र लोंबते, म्हणून सुती जाकीट आखूडच धरावे.

आता हिशेब. वरील घेराच्या आणि ६५ सेंटिमीटर उंचीच्या धडाला १९५ ओळी, म्हणजे ४७,१९० टाके पडतात. मिनिटाला वीस टाक्यांचा वेग धरला तरी नुसत्या धडाला चाळीसएक तास. रंग बदलण्याचा वेळ, बाह्या आणि काठ निराळे. या श्रमांची मजुरी लावली तर यंत्रावरील स्वेटरशी बरोबरी स्वप्नातही होणार नाही. म्हणूनच तयार जाकीट विकण्यापेक्षा जाकीट विणण्याची समज विकण्याचा मार्ग अधिक टिकला. रोवन या इंग्लंडमधील लोकर कंपनीने फॅसेट यांच्या नमुन्यांचे संच काढले, ज्यांत लोकर आणि आराखडा कंपनीचा, श्रम घेणाऱ्याचे. १९८५ साली त्यांचे ‘ग्लोरियस निटिंग’ हे पुस्तक आले. १९८८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. हयात वस्त्रकलावंताला तेथे मिळालेला हा पहिलाच मान. पुढे ऑक्सफॅम या संस्थेच्या वतीने त्यांनी भारतातील हातमाग विणकरांसोबतही काम केले.

त्याआधीची, १९७० सालची एक गोष्ट मात्र राहून जाऊ नये. इंग्लंडमधील बाथ येथील वस्त्रसंग्रहालय त्या काळी दरवर्षी एक पोशाख ‘वर्षातील पोशाख’ म्हणून जतन करीत असे. त्या वर्षी ‘व्होग’च्या संपादिका बिअट्रिक्स मिलर यांनी बिल गिब यांचा पोशाख निवडला. चौकडीच्या आणि फुलाफुलांच्या कापडावर हाताने विणलेले बिनबाह्यांचे जाकीट असा तो थाट. पोशाख गिब यांचा, जाकिटाची रंगयोजना फॅसेट यांची. आणि टाक्यामागून टाका घालून ते प्रत्यक्ष विणले मिल्ड्रेड बोल्टन यांनी. त्या पोशाखासोबत त्यांचेही नाव घेतले जाते.