मुळशीचा सह्याद्री : खडक, उतार आणि पाणी

पिरंगुट आणि पौड यांच्या दरम्यान वसलेल्या कासार आंबोलीच्या परिसरातील डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ही रचना निर्माण झाली. वस्तुतः सह्याद्रीस ‘पर्वत’ म्हणणे किंचित फसवे आहे. हिमालयाप्रमाणे ही वलीकरणाने उचललेली रांग नसून दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कडा होय.

घट्ट बेसाल्टचे उभे कडे बनतात, तर सच्छिद्र थर झिजून मंद उतार तयार होतात. दोन लाव्हाप्रवाहांमध्ये काही ठिकाणी भाजलेल्या तांबड्या मातीचा थर आढळतो. भेगांतून मुरलेले पाणी त्यावर अडते व उतारावर झऱ्याच्या रूपाने प्रकटते. घट्ट खडकात पाणी साठण्यास जागाच अल्प असल्याने ताम्हिणीत धुवाधार पाऊस पडूनही डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टंचाई भासते.

मुळा नदी स्वभावतः पूर्ववाहिनी. तथापि टाटांच्या मुळशी धरणाचे पाणी कड्याच्या उंचीचा लाभ घेऊन पश्चिमेस भिरा येथे वीजनिर्मितीसाठी सोडले जाते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी ठरले.

आज प्रश्न उतारांचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. अतिवृष्टीत झिजलेल्या खडकावरील माती पाण्याने जड होते. अशा उताराचा पायथा रस्त्यासाठी वा बंगल्यांसाठी कापल्यास तिचा आधारच जातो. मुळशीत उतार कापण्यापूर्वी त्यावरील झऱ्यांची नोंद होणे म्हणूनच अगत्याचे आहे.